स्पीडबोटीचा प्रोपेलर कसा निवडायचा? ‘१३ बाय १७’ म्हणजे नेमकं काय?

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर कपड्यांपासून भांड्यांपर्यंत सगळं मिळतं. बोटीचा प्रोपेलर मात्र मिळत नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. समुद्र इथून खूप लांब आहे. त्यामुळे मराठवाड्यात कुणी हौसेने स्पीडबोट घेतली किंवा एखाद्या जलाशयावर वॉटर स्की, बनाना राइडचा व्यवसाय सुरू करायचं ठरवलं, तर प्रोपेलर मुंबईहून, गोव्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो.

किनाऱ्यावरचा बोटवाला दोन-तीन प्रोपेलर लावून बघतो आणि जमेल तो ठेवतो. समुद्रापासून लांबच्या जिल्ह्यांत ही सोय नसते. ऑर्डर देण्याआधी कागदावर हिशेब करावा लागतो. हा हिशेब चुकला तर बोट फक्त हळू चालते असं नाही, काही लाखांचं इंजिन हळूहळू खराब होऊ शकतं.

आकडे काय सांगतात?

बहुतेक प्रोपेलरवर दोन आकडे कोरलेले असतात. समजा ‘१३ x १७’ असं लिहिलंय. पहिला आकडा व्यास. पाती फिरताना जे वर्तुळ तयार होतं, त्याची रुंदी १३ इंच. दुसरा आकडा पिच. प्रोपेलर एक फेरी फिरला, तर तो सिद्धांतानुसार किती पुढे सरकेल, तो हा आकडा. इथे १७ इंच. लाकडात स्क्रू पिळताना एका फेरीत तो जितका आत जातो, तसंच हे.

पाणी लाकडासारखं घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात बोट तेवढी सरकत नाही. या तफावतीला स्लिप म्हणतात. हौशी स्पीडबोटीत ती साधारण १० ते २० टक्के धरतात.

यावरून वेगाचा अंदाज काढता येतो. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेतंय आणि गिअरचं प्रमाण २:१ आहे असं धरू. म्हणजे प्रोपेलर २७५० वेळा फिरतो. त्याला १७ इंचांनी गुणलं की मिनिटाला सुमारे ११८७ मीटर, म्हणजेच तासाला ७१ किलोमीटर. त्यातून १५ टक्के स्लिप वजा केली की उरतात साधारण ६० किलोमीटर. वॉटर स्कीच्या स्लॅलम स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ आणि महिलांसाठी ५५ किलोमीटर असतो. हौशी माणसाला त्याच्या निम्म्याच्या आसपासही भरपूर मजा येते. म्हणजे मुद्दा वेगाचा नाही. मुद्दा आहे पाण्यात बसलेल्या माणसाला पटकन वर ओढून उभं करण्याचा.

प्रोपेलर म्हणजे बोटीचा गिअर

मोटारीला पाच-सहा गिअर असतात. बोटीला पुढे जायला एकच, आणि तो म्हणजे प्रोपेलर. कन्नडच्या घाटात गाडी चौथ्या गिअरवर चढवली तर इंजिन धापा टाकतं. पिच जास्त असलेला प्रोपेलर भरलेल्या बोटीला लावला की नेमकं हेच होतं. मोकळ्या पाण्यात, एकट्या चालकासह ती बोट झकास पळते. मागे दोरीला माणूस बांधला आणि आत सहा जण बसवले की पुढचं टोक आकाशाकडे करून पाणी ढकलत राहते, वर उचलली जात नाही. फुल थ्रॉटल दिलं तरी इंजिनचे फेरे वाढत नाहीत, उष्णता वाढते, आत कार्बन साचतो आणि पिस्टनवर ताण येतो.

उलट पिच फार कमी असेल तर बोट झटकन उठते, पण फेरे मर्यादेबाहेर जातात. नव्या इंजिनांत फेरे रोखणारी यंत्रणा असते, ती मध्येच इंजिन अडवते. जुन्या इंजिनात तीही नसते.

म्हणून निवडीचा खरा निकष एकच आहे, आणि तो प्रोपेलरवर नव्हे तर इंजिनच्या माहितीपुस्तकात असतो. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनचे फेरे किती ते किती असावेत, हे कंपनी तिथे छापते. बऱ्याच फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिनांसाठी ही मर्यादा ५००० ते ६००० च्या आसपास असते, पण आपल्या मॉडेलचा आकडा बघूनच पुढे जावं. ओढण्याच्या कामासाठी बोट नेहमीइतकी भरलेली असताना फेरे या मर्यादेच्या निदान मधोमध यायला हवेत.

एक इंच म्हणजे किती फेरे?

पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलवर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. एक इंच वाढवला की तेवढेच कमी होतात. दुरून प्रोपेलर मागवणाऱ्यासाठी हा आकडा सगळ्यात कामाचा.

उदाहरण घेऊ. बोटीला १९ पिचचा प्रोपेलर आहे. सात माणसं, भरलेली टाकी आणि सगळं सामान घेऊन फुल थ्रॉटलला टॅकोमीटर ४९०० दाखवतो. मर्यादा ५००० ते ६०००. १७ पिच लावला तर फेरे ५३०० पर्यंत जातील, १५ लावला तर ५७०० च्या जवळपास. बोटीतून कुटुंब फिरवायचं असेल तर १७ चालून जाईल. वॉटर स्की किंवा फुगवलेली बनाना ओढायची असेल तर १५ कडे झुकावं.

ही चाचणी करण्याआधी बोटीचा तळ घासून स्वच्छ करायला हवा. महिनाभर पाण्यात उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला शेवाळ धरतं आणि तेवढ्यानेही फेरे उतरतात. आऊटबोर्डचा कोन, म्हणजे ट्रिमही नीट लावलेला असावा. नाहीतर दोष शेवाळाचा आणि खर्च प्रोपेलरचा असं होतं. आणखी एक चूक सर्रास होते: चाचणी रिकाम्या बोटीत घेतली जाते. सात माणसं म्हणजे पाचशे किलोच्या पुढे वजन. ते गृहीत न धरता काढलेला आकडा निरुपयोगी आहे.

मालवणचा प्रोपेलर कोयनेत का चालत नाही?

महाराष्ट्रातल्या जलाशयांच्या बाबतीत ही गोष्ट बहुतेक वेळा लक्षातच घेतली जात नाही. समुद्रसपाटीवर नीट चालणारी बोट उंचावरच्या धरणात नेली की मंदावते. कारण हवा. उंचीवर हवा विरळ होते, इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे जवळपास ४६४ मीटर. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची पातळी त्याहून वर, सुमारे ६५९ मीटर. याच जलाशयावर सातारा जिल्ह्यातल्या मुनावळे इथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झालं. म्हणजे मालवणात १०० अश्वशक्ती देणारं इंजिन कोयनेत ९३-९४ वर येतं. त्यात मराठवाड्यातला चाळिशीपार गेलेला मे महिना धरला, तर गरम हवेमुळे आणखी तीन-चार टक्के जातात.

ताकद दहा टक्क्यांनी घटली म्हणून फेरे दहा टक्क्यांनी घटत नाहीत. प्रोपेलर फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे फेरे तीन-साडेतीन टक्केच उतरतात. ५५०० वर हे जवळपास १९० फेरे झाले, म्हणजे पिचच्या हिशेबात सुमारे एक इंच. तेव्हा किनाऱ्यावरच्या ओळखीच्या बोटवाल्याने त्याच इंजिनला, तशाच बोटीला १७ पिच लावला असेल, तर जलाशयासाठी १६ किंवा १५ मागवणं शहाणपणाचं.

जायकवाडीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. गुलमंडीपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, संभाजीनगरकरांसाठी सगळ्यात जवळचं मोठं पाणी म्हणजे हा नाथसागर. पण १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय हौसेची बोट उतरवता येत नाही. त्यामुळे बोट घेण्याआधी ती कुठल्या पाण्यात चालणार, हे ठरवावं लागतं, आणि प्रोपेलरही त्यावरच ठरतो.

तीन पाती की चार?

तीन पात्यांचा प्रोपेलर स्वस्त, सहज मिळणारा आणि वरच्या वेगाला थोडा सरस. चार पात्यांचा पाण्याला जास्त घट्ट धरतो, थरथर कमी करतो, वळणावर सुटत नाही आणि ओझं घेऊन बोट लवकर वर काढतो. ओढण्याच्या बोटींना म्हणूनच चार पाती पसंत केली जातात. मात्र त्याच पिचचा चार पात्यांचा प्रोपेलर लावला तर फेरे थोडे खाली येतात, साधारण ५० ते १०० ने. त्यामुळे तीनवरून चारवर जाताना पिच अनेकदा एक इंच कमी घेतात.

खास वॉटर स्कीसाठी बांधलेल्या बोटींत इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि प्रोपेलर तळाखाली, सुकाणूच्या पुढे. त्यांना निकेल, अॅल्युमिनियम आणि कांस्याच्या मिश्रधातूचे, मशिनवर अचूक कापलेले प्रोपेलर लावतात. आपल्याकडच्या जलक्रीडा केंद्रांवर मात्र सहसा मागे टांगलेलं आऊटबोर्ड इंजिनच दिसतं.

आऊटबोर्डसाठी प्रश्न उरतो अॅल्युमिनियम की स्टेनलेस स्टील. स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, म्हणून ती जास्त कार्यक्षम, आणि किंमतही कितीतरी जास्त. खोल, स्वच्छ पाण्यात स्टील उत्तम. धरणात गोष्ट वेगळी. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे आणि खडक पृष्ठभागाजवळ येतात. जूनमध्ये जिथून बोट नेणं धोक्याचं, तिथे ऑक्टोबरमध्ये दहा मीटर पाणी असू शकतं. अॅल्युमिनियमचं पातं खडकावर आपटलं तर ते वाकतं किंवा तुटतं, आणि बहुतेकदा नुकसान तिथेच थांबतं. स्टीलचं पातं टिकतं, पण धक्का आत गिअरपेटीपर्यंत जाऊ शकतो. जलाशयासाठी अॅल्युमिनियमचे दोन प्रोपेलर घेणं हे एका स्टीलपेक्षा जास्त व्यवहार्य.

इंजिन फिरतं, बोट हलत नाही

बऱ्याच आऊटबोर्ड प्रोपेलरच्या मध्यभागी रबराचा बुश असतो. पातं कशावर आदळलं की हा बुश घसरतो आणि गिअर वाचतो. एकदा घसरलेला बुश पुढे ओझं आलं की पुन्हा घसरतो. इंजिनचा आवाज चढतो, बोट जागच्या जागी. लोक याला चुकीचा पिच समजून नवीन आकार मागवतात. तपासायची साधी युक्ती आहे. आतल्या बुशपासून बाहेरच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची आणि बोट चालवून यायची. रेघ तुटून सरकली असेल तर दोष बुशचा, पिचचा नाही.

कोणताही प्रोपेलर लावला तरी दोरीला बांधलेल्या माणसाला पाण्यातून वर घेताना इंजिन पूर्ण बंद हवं, न्यूट्रलवर नव्हे. आऊटबोर्डचा प्रोपेलर बोटीच्या मागे, शिडीच्या अगदी शेजारी उघडा असतो आणि चुकून गिअर पडायला क्षण पुरतो. चालकाच्या मनगटाला अडकवायची किल स्विचची दोरी चालक जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद पडावं यासाठी असते. मागे ओढल्या जाणाऱ्या माणसावर नजर ठेवायला चालकाखेरीज दुसरा माणूस बोटीत लागतोच. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं. व्यवसाय करणाऱ्याने ते घेतलेलं असावं.

ऑर्डर देताना काय लिहून पाठवायचं?

इंजिनची कंपनी, अश्वशक्ती, मॉडेल क्रमांक आणि वर्ष. सध्याच्या प्रोपेलरवरचे दोन्ही आकडे, पात्यांची संख्या आणि धातू. शाफ्टवरच्या खाचा किती, कारण त्या जुळल्या नाहीत तर प्रोपेलर बसणारच नाही. इनबोर्ड असेल तर शाफ्टचा व्यास आणि उतार. फिरण्याची दिशा उजवी की डावी. बोटीची लांबी, नेहमी बसणाऱ्या माणसांची संख्या, पूर्ण थ्रॉटलवर दिसलेले फेरे आणि जलाशयाची उंची. या शेवटच्या दोन गोष्टी विक्रेता सहसा विचारत नाही, त्या आपणहून सांगाव्यात. ठरलेला प्रोपेलर पसंत न पडल्यास न वापरता किंवा एका चाचणीनंतर बदलून मिळेल का, हेही पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

नवा प्रोपेलर आला की जुना भंगारात टाकू नये. पाती सरळ करून, सोबत नट, वॉशर आणि कॉटर पिनचा एक जादा संच ठेवून तो बोटीतच बांधून ठेवावा. आऊटबोर्ड वर उचललं की तो काठावर उभं राहून बदलता येतो. पाना आणि पक्कड मात्र बोटीत हवीत.