भूमिअभिलेखांवरील प्रवेशाधिकार व मर्यादा

सामायिक ठिकाणी ठेवलेले अभिलेख कोणी पाहावेत, कोणी त्यांत बदल करावा आणि एका वेळी किती मजकूर बाहेर नेऊ द्यावा, यासंबंधीची व्यवस्था. संगणकीय सर्व्हरवर ती यंत्राकरवी राबविली जात असली, तरी तिच्यामागील प्रश्न महसुली दप्तराइतके जुने आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील शेतजमिनीच्या नोंदींवरून ते चांगले ध्यानात येतात.

वऱ्हाडात परगण्याचे हिशेब देशपांड्यांकडे व गावचे पटवाऱ्याकडे असत. हे अधिकार वंशपरंपरागत होते. दप्तर बहुधा घरीच राही. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्याच हाती वाचन व लेखनही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी होऊन प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र व आकार मिळाला. नोंद नेमकी झाली. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी सोपी झाली नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने अधिकारांची विभागणी अधिक स्पष्ट केली. फेरफाराची नोंद तलाठी गाव नमुना ६ मध्ये घेतो, ती चावडीवर प्रसिद्ध करतो व हितसंबंधितांना सूचना देतो. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. नोंद प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. त्यानंतरच सातबाऱ्यावर बदल होतो. लिहिणारा व मंजूर करणारा एकच नसावा, हे या रचनेचे खरे मर्म होय. दस्तऐवज कितीही चोख असला, तरी ही दुहेरी कडी सुटल्यास भावाभावांतील वाटणीसुद्धा वर्षानुवर्षे न्यायालयात अडकते.

संगणकाच्या जगात हेच प्रश्न अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत उद्भवले. तेथे अनेकांनी वाटून वापरावयाच्या यंत्रावर प्रत्येकाला परवलीचा शब्द व ठरावीक वेळ देण्यात आली. ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याचे ४ तास अपुरे पडत. म्हणून १९६२ मध्ये त्याने परवलीच्या शब्दांची संपूर्ण संचिकाच छापून घेतली. मर्यादा अवाजवी तंग असली, की कुलूप फोडण्याची बुद्धी होते, हे तलाठी कार्यालयाबाहेर ताटकळलेल्या खातेदारास वेगळे सांगावयास नको. १९७१ मध्ये याच संस्थेत आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी संचिका-हस्तांतरणाच्या नियमांचा पहिला मसुदा लिहिला. युनिक्स प्रणालीत मालक, गट व इतर यांना वाचन, लेखन व कार्यवाही असे वेगवेगळे अधिकार देता येतात. जागेच्या वापरावरील मर्यादा, म्हणजे कोटा, १९८३ च्या बर्कली आवृत्तीत आली. एकाच वेळी जोडल्या जाणाऱ्यांची संख्या व वहनाचा वेग यांवरही बंधन घालता येते. ते नसल्यास एकच वापरकर्ता सर्वांची वाट अडवू शकतो.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. नोंद प्रमाणित करणाऱ्याची ओळख आता शाईच्या सहीऐवजी या स्वाक्षरीवरून पटते. उतारा पाहणाऱ्याला चित्रातील अक्षरे टंकलिखित करावी लागतात, जेणेकरून यंत्राच्या साहाय्याने कोणी हजारो उतारे एकदम उपसू नयेत. खरिपापूर्वी पीककर्जासाठी एकाच वेळी मागणी वाढली, की सर्व्हर मंदावतो आणि पेरणी खोळंबते. लोणार वा संग्रामपूर येथील खातेदार आज आपला उतारा कोणाचीही मनधरणी न करता पाहू शकतो; त्यातील नावाची चूक मात्र त्याला स्वतः दुरुस्त करता येत नाही. लेखनातील प्रमाद सुधारण्यासाठी संहितेच्या कलम १५५ अन्वये सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो.