काँक्रीटमधील धातूच्या विद्युत् नळ्या

काँक्रीटमधील धातूच्या विद्युत् नळ्या : इमारतीचा स्लॅब, तुळई वा स्तंभ ओतण्यापूर्वी साच्यात बसवून काँक्रीटमध्ये कायमच्या गाडलेल्या, विद्युत् तारा ओवून घेण्याच्या नळ्या. तारांना इजा होऊ न देणे, तारेत बिघाड झाल्यास आग पसरू न देणे व बांधकाम न फोडता तारा बदलता येणे हे त्यांचे मुख्य उपयोग होत. तार बदलता आली, तरी गाडलेली नळी बदलता येत नाही. त्यामुळे तिचे काँक्रीटमधील आयुर्मान हा या पद्धतीच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला.

न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीट वीज केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. त्या काळी घरांतील तारा लाकडी पट्ट्यांतून किंवा चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेत. १८९० च्या सुमारास डांबरी पदार्थात भिजविलेल्या कागदाच्या नळ्या प्रचारात आल्या. ओलावा व खिळे यांपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांवर पितळ वा लोखंड यांचे कवच चढविण्यात येऊ लागले. तारांवरील रबरी निरोधक आवरणात सुधारणा झाल्यावर कागदी अस्तराची गरज संपली व साधी पोलादी नळी रूढ झाली.

याच सुमारास प्रबलित काँक्रीटचा प्रसार होत होता. फ्रान्स्वा एनबीक यांनी आपल्या बांधकाम पद्धतीचे एकस्व १८९२ मध्ये घेतले, तर सिनसिनॅटी येथील १६ मजली इंगल्स इमारत १९०३ मध्ये पूर्ण झाली. भरीव स्लॅबमध्ये तारांसाठी पोकळी नसल्यामुळे सळयांबरोबरच नळ्याही आधी मांडून ठेवणे सोयीचे झाले.

काँक्रीट अतिशय क्षारीय असते. त्यामुळे पोलादावर ऑक्साइडाचा पातळ संरक्षक थर टिकून राहतो व ते सहसा गंजत नाही. तथापि ट्राममार्गांतून जमिनीत झिरपणाऱ्या एकदिश प्रवाहामुळे काँक्रीटमधील लोखंड नष्ट होईल, अशी भीती विसाव्या शतकाच्या आरंभी व्यक्त होऊ लागली. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेतील रोझा, मॅकॉलम व पीटर्स यांनी या विषयावरील प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. नेहमीचे तापमान व कमी विद्युत् दाब असता धोका अल्प असतो. मात्र काँक्रीटमध्ये थोडेही मीठ मिसळल्यास गंजण्याचा वेग फार वाढतो, असे त्यांना आढळले. गंजाचे घनफळ मूळ धातूपेक्षा अधिक असल्याने आतून दाब निर्माण होऊन काँक्रीट तडकते [⟶ गंजणे].

हा इशारा अर्धशतकानंतर पुन्हा प्रत्ययास आला. वजनाला हलक्या व वाकविण्यास सोप्या म्हणून अ‍ॅल्युमिनियमाच्या नळ्या वापरात आल्या होत्या. वॉशिंग्टन येथे १९६१ मध्ये खुल्या झालेल्या क्रीडागारात अशा नळ्यांवरील काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागले व १९६४ मध्ये त्याचे मूळ नळ्यांच्या क्षरणात असल्याचे प्रसिद्ध झाले. काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून मिसळलेल्या कॅल्शियम क्लोराइडामुळे असे क्षरण बळावते. क्लोराइड असता व अ‍ॅल्युमिनियमाचा पोलादी सळयांशी विद्युत् संपर्क आला असता विद्युत् घट तयार होतो आणि त्यात धनाग्र बनलेले अ‍ॅल्युमिनियम झिजते. अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या १९७१ च्या संहितेने संरक्षक लेप नसलेल्या अ‍ॅल्युमिनियम नळ्या संरचनात्मक काँक्रीटमध्ये गाडण्यास मनाई केली. तसेच सर्वसाधारणपणे नळीचा बाह्य व्यास स्लॅबच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा आणि दोन नळ्यांच्या मध्यांतील अंतर व्यासाच्या तिपटीहून कमी नसावे, असा दंडक घातला.

भारतात पोलादी नळ्यांसाठी १९८१ मध्ये व निरोधक पदार्थांच्या नळ्यांसाठी १९८३ मध्ये आयएस ९५३७ या मानकाचे स्वतंत्र भाग निघाले. आयएस ४५६ च्या २००० च्या आवृत्तीने प्रबलित काँक्रीट तसेच धातू गाडलेले साधे काँक्रीट यांतील क्लोराइडाची मर्यादा दर घ. मी.ला ०·६ किग्रॅ. ठरविली. न गंजणाऱ्या व स्वस्त पीव्हीसी नळ्यांमुळे घरबांधणीत धातूच्या नळ्या मागे पडल्या आहेत. परंतु पीव्हीसी नळी वीज वाहत नसल्याने तीतून भूसंपर्कनाची वेगळी तार न्यावी लागते. पोलादी नळीचे सर्व सांधे विद्युत् दृष्ट्या अखंड असल्यास ती स्वतःच हे कार्य करू शकते. यासाठी सांधे घट्ट आहेत की नाहीत, याची तपासणी काँक्रीट ओतण्यापूर्वीच करणे आवश्यक असते. त्यानंतर ते कोणासही दिसत नाहीत.