निवाडाशोध, मोफत ऑनलाइन
निवाडाशोध, मोफत ऑनलाइन : खटल्यातील मुद्द्याला आधार देणारे वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय खुल्या संकेतस्थळांवरून शोधणे. वकिलांच्या बोलीत ‘सायटेशन काढणे’.

पूर्वी हे काम नागपूरचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ यांसारख्या नियतकालिकांच्या खंडांतून चाले. खंड महाग, आणि नव्या वकिलाला ज्येष्ठांच्या कपाटाचाच आधार. ४ जानेवारी २००८ रोजी सुशांत सिन्हा यांनी ‘इंडियन कानून’ हे निवाडे शोधण्याचे मोफत संकेतस्थळ सुरू केले आणि तो आधार सर्वांना खुला झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या निवाड्यांचे मोफत संकेतस्थळ ‘ई-एससीआर’ जानेवारी २०२३ मध्ये आले.

निवाड्याच्या मूळ मजकुरावर कोणा प्रकाशकाची मालकी नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक (१२ डिसेंबर २००७) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. संपादकाने स्वतः लिहिलेली हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या डोक्यावरचा सारांश, मात्र त्याचीच राहिली. म्हणून इंडियन कानूनवर पुष्कळ निवाडे हेडनोटविना भेटतात आणि अख्खे वाचावे लागतात. हे अभ्यासाच्या भल्याचेच आहे.

शोध कसा चालतो याचे एक उदाहरण इचलकरंजीचे. तिथे सूत आणि कापडाचा व्यवहार उधारीवर चालतो, त्यामुळे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची फिर्याद इथे नेहमीची. समजा, अहमदाबादच्या खरेदीदाराने दिलेला चेक इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने आपल्या इथल्या खात्यात भरला आणि तो परत आला. फिर्याद कुठे करायची? शोधपट्टीत अवतरणचिन्हांत ‘टेरिटोरियल ज्युरिस्डिक्शन’ (प्रादेशिक अधिकारक्षेत्र) आणि जोडीला कलम १३८ इंग्रजीत टाकले, की दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१ ऑगस्ट २०१४) हा निवाडा हमखास समोर येतो. त्यानुसार फिर्याद चेक देणाऱ्याच्या बँकेच्या ठिकाणी, म्हणजे अहमदाबादला. इथेच थांबणारा माणूस फसतो. संसदेने २०१५ साली कायदा दुरुस्त करून १५ जून २०१५ पासून कलम १४२(२) लागू केले. चेक खात्यात भरून वसुलीला दिला असेल, तर ते खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयाला अधिकार मिळाला. फिर्याद इचलकरंजीतच चालते. निवाडा पडद्यावर जसाच्या तसा राहतो, त्याचा आधार मात्र गेलेला असतो.

म्हणून सापडलेल्या निवाड्याची ‘साइटेड बाय’ यादी, म्हणजे त्याचा उल्लेख करणाऱ्या पुढच्या निवाड्यांची यादी, नव्यापासून जुन्याकडे वाचावी. या उदाहरणात त्यातून ब्रिजस्टोन इंडिया विरुद्ध इंदरपाल सिंग (२४ नोव्हेंबर २०१५) गाठता येतो आणि दुरुस्तीचा परिणाम कळतो. कलमाचा आजचा मजकूरही स्वतंत्रपणे पाहावा. सशुल्क सेवा रद्द झालेल्या निवाड्यांवर खूण करतात. मोफत शोधात ही जबाबदारी शोधणाऱ्याची असते, आणि ती टाळून युक्तिवाद करणे म्हणजे पक्षकाराचे नुकसान करणे.

इचलकरंजीच्या न्यायालयावर सर्वोच्च न्यायालयाचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय बंधनकारक. इतर उच्च न्यायालयांचे फक्त विचारात घेण्याजोगे. इंडियन कानूनवरून घेतलेली प्रत दाखल करण्याआधी न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील प्रतीशी ताडावी, आणि तटस्थ सायटेशनसह, म्हणजे न्यायालयाने स्वतः दिलेल्या निवाडा-क्रमांकासह, परिच्छेद क्रमांक द्यावा.