माउंट हूडवरचं दुष्काळी काम

'द शायनिंग' पाहिला असेल, तर टिंबरलाइन लॉज तुम्ही पाहिलेलं आहे. बर्फाच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं, उतरत्या छपराचं ते भलंमोठं हॉटेल खरोखरचं आहे. ऑरेगनमध्ये, माउंट हूडच्या दक्षिण उतारावर, सुमारे ६,००० फुटांवर. चित्रपटात मात्र त्याचं फक्त बाहेरचं रूप दिसतं. आतल्या प्रसंगांसाठी इंग्लंडमध्ये सेट उभारले होते. आपली पोर्टलंड-हिल्सबरोकडची मंडळीही पाहुण्यांना घेऊन तिथे जातात, दारात फोटो काढतात, हॉट चॉकलेट पितात आणि खाली उतरतात. पुढच्या वेळी तासभर आत रेंगाळा, एवढंच सांगायला हे लिहिते आहे.

मी १९३०च्या दशकातल्या सरकारी रोजगार योजनांवर संशोधन करते, त्यामुळे सुरुवात मजुरीच्या दरापासून करते. कुशल कारागिराला ताशी ९० सेंट, बिगारी कामाला ५५ सेंट. हे पैसे देत होती डब्ल्यूपीए, म्हणजे महामंदीत बेकार झालेल्यांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये काढलेली यंत्रणा. अमेरिकन विद्यार्थ्यांना ती समजावताना मला दोन तास लागतात. तुम्हाला दोन शब्द पुरेत: दुष्काळी कामं. १९७२ आठवणारं कोणी घरात असेल, तर खडी फोडणं, पाझर तलाव, सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. पुढे त्यातूनच आपली रोजगार हमी उभी राहिली. पण आपल्याकडे कामावर आलेला माणूस सुतार असो, विणकर असो की शेतकरी, बहुतेक वेळा त्याच्या हातात हातोडा किंवा घमेलंच पडलं. टिंबरलाइनला वेगळं झालं ते इथे.

बांधकाम जून १९३६ मध्ये सुरू झालं. मजूर डोंगराखालच्या तंबूंत राहत आणि ट्रकमधून वर येत. दगडकामाला इटलीहून आलेले गवंडी होते. कोलंबिया नदीकाठच्या महामार्गावर त्यांचा हात आधीच बसलेला होता. सल्लागार वास्तुविशारद होते गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड, ज्यांनी योसेमिटीचं श्रीमंतांसाठीचं अहवानी हॉटेल बांधलं होतं. पण आतल्या सजावटीची सूत्रं पोर्टलंडच्या मार्जरी हॉफमन स्मिथ यांच्याकडे होती, आणि माझ्या मते लॉजचा खरा जीव तिथे आहे. त्यांनी पडदे, खुर्च्या, दिवे, गालिचे बाजारातून आणले नाहीत. पैसा मजुरीवर जायला हवा होता, वस्तूंवर नाही. म्हणून सामान जमेल तितकं टाकाऊ घ्यायचं आणि हात जास्तीत जास्त लावायचे.

जिन्याच्या कठड्याचे जाड खांब पाहा. ते टाकून दिलेले तारांचे खांब आहेत, देवदाराचे. त्यांच्या माथ्यावर सुतारांनी घुबड, अस्वल, बीव्हर असे इथलेच प्राणी कोरले. शेकोटीत ओंडके ज्यावर टेकवतात त्या लोखंडी घोड्या जुन्या रेल्वे रुळांच्या आहेत. तिच्यापुढची जाळी बर्फात मोटारीच्या चाकांना लावतात त्या साखळ्यांची. सरकारी छावण्यांतली जुनी ब्लँकेटं फाडून त्या पट्ट्यांचे गालिचे केले. गोधडीचंच शास्त्र, माझी आजी ते बघून काही म्हणालीही नसती. आणि माग चालवायला बसवल्या पोर्टलंडच्या गरजू बायका. त्यातल्या कित्येकींनी विणकाम तिथेच पहिल्यांदा शिकलं.

मग याला लोककला म्हणायचं का? इथे मला भास्कर कुलकर्णी आठवतात. १९६६च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकरांनी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. भिंती रंगवणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला, म्हणजे चित्रं विकता येतील. सत्तरच्या दशकात तेच डहाणूकडे वारल्यांमध्ये गेले. तिथे कला त्या लोकांचीच होती, कागद तेवढा नवा. टिंबरलाइनला कला नव्याने शिकवली गेली आणि विषय वरून ठरले: वन्यजीवन, वसाहतकार, आणि 'इंडियन'. यातलं तिसरं मला खटकतं. या डोंगराच्या पूर्वेकडचा प्रचंड मुलूख वॉर्म स्प्रिंग्जच्या जमातींनी १८५५च्या तहात गमावला होता. ऐंशी वर्षांनी त्यांच्या चिन्हांसारखी चिन्हं लॉजमध्ये सजावट म्हणून आली. लाकूड इथलं, दगड इथला, हात इथले. ती चिन्हं मात्र मागून न घेतलेली.

२८ सप्टेंबर १९३७ला रूझवेल्टनी लॉजचं उद्घाटन केलं, फेब्रुवारी १९३८मध्ये ते लोकांना खुलं झालं. खर्च सुमारे दहा लाख डॉलरवर गेला होता. १९३९मध्ये खुर्च्यांचा पाळणा, 'मॅजिक माइल', सुरू झाला आणि स्कीइंगसाठी गर्दी वाढली. कलाकुसरीला ती मानवली नाही. कपडे विरले, वस्तू चोरीला गेल्या, देखभाल सुटली, आणि १९५५मध्ये थकलेल्या बिलांपायी लॉज बंद पडलं. त्याच वर्षी रिचर्ड कोनस्टॅम यांनी ते चालवायला घेतलं. इमारत आजही सरकारी वनखात्याचीच आहे.

विरलेलं कापड परत कसं आलं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. १९७५मध्ये 'फ्रेंड्स ऑफ टिंबरलाइन' ही संस्था निघाली, आणि त्याच सुमारास आणखी एका सरकारी रोजगार योजनेतून बेकार कारागिरांना पुन्हा मागावर बसवलं. जुन्या नमुन्यांवरून पडदे, पलंगपोस, गालिचे नव्याने विणले गेले. ते काम अजून थांबलेलं नाही, कारण कापड वापरलं की विरतंच आणि इथे ते काचेत ठेवलेलं नाही, त्यावर पाहुणे झोपतात.

पोर्टलंडहून दीड तास लागतो. हिवाळ्यात गेलात तर चाकांच्या साखळ्या बरोबर ठेवा. मुलांना शेकोटीपाशी नेऊन तसल्याच साखळ्या जाळीत कुठे दिसतात ते शोधायला लावा.