ध्वनिमुद्रिकांचे अंकीकरण
व्हायनल तबकडीच्या खाचेतील ध्वनी घरच्या संगणकावर अंकीय फाइलीत उतरवण्याची प्रक्रिया. ही दीर्घवादन तबकडी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली (पहा : ग्रामोफोन). खाच कोरताना खर्ज दाबतात व तीव्र कंप्रता उठवतात. वाजवताना नेमके उलट करावे लागते. त्यासाठीचा आरआयएए वक्र १९५४ पासून रूढ झाला. हे काम फोनो प्रीअँप्लिफायर करतो. तो वगळल्यास आवाज क्षीण व किरटा येतो. समतोल बहुधा इथेच बिघडतो. मुद्रणाची सर्वोच्च पातळी शून्य डेसिबलच्या सुमारे ६ डेसिबल खाली राखतात, कारण छाटली गेलेली लहर परत मिळत नाही. डाव्या-उजव्या वाहिन्यांतील फरक मोनो तबकडी वाजवून ओळखता येतो. जुने मराठी नाट्यसंगीत असलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना जाड सुई व निराळा वक्र लागतो (पहा : नाट्यसंगीत). खरखर काढण्यापूर्वीची असंस्कारित प्रत जपणे अत्यावश्यक.