अपडेट एकदाच उतरवा, घरभर वाटा

आई-बाबांचे दोन आणि मुलांचे दोन असे चार संगणक आता अनेक घरांत असतात. अपडेट आला की प्रत्येक संगणक तो इंटरनेटवरून वेगळा उतरवतो, ब्रॉडबँड मंदावते आणि "नंतर बघू" म्हणत काम राहून जाते.

हे 'नंतर' किती महाग पडते ते ब्रिटनने पाहिले आहे. विंडोजमधील एक त्रुटी बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिला होता. जिथे तो बसवलेला नव्हता तिथे १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' शिरला. इंग्लंडमधील एनएचएसच्या सुमारे एक तृतीयांश ट्रस्टचे काम विस्कळीत झाले आणि हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या.

घरातले संगणक अपडेट एकमेकांना देऊ शकतात. ही सोय मोफत आहे.

विंडोज ११ : सेटिंग्ज – विंडोज अपडेट – ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स – डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन येथे जा. इतर संगणकांकडून डाउनलोड घेण्याची सोय चालू करून फक्त 'लोकल नेटवर्क' हा पर्याय निवडा. 'इंटरनेट'चा पर्याय निवडल्यास आपला संगणक बाहेरच्या अनोळखी संगणकांनाही अपडेट पुरवतो. हे प्रत्येक संगणकावर करा.

ॲपल : सतत चालू राहणाऱ्या एका मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज – जनरल – शेअरिंग येथे 'कंटेंट कॅशिंग' चालू करा. तो मॅक राउटरला केबलने जोडलेला असल्यास उत्तम. घरातल्या आयफोन व आयपॅडनाही त्याचा लाभ मिळतो. त्यांच्यावर वेगळे काही करावे लागत नाही.

लक्षात ठेवा :
१. आधी एका संगणकावर अपडेट पूर्ण होऊ द्या. तो चालू ठेवून मग बाकीच्यांवर सुरू करा.
२. सर्व संगणक एकाच वाय-फायवर हवेत. 'गेस्ट' वाय-फायवरचे संगणक बहुधा एकमेकांना दिसत नाहीत.
३. विंडोजचा अपडेट विंडोजलाच आणि ॲपलचा ॲपललाच उपयोगी पडतो.
४. यात आपले फोटो वा कागदपत्रे कोणाला दिसत नाहीत. शेजारच्या संगणकाकडून आलेला अपडेट अस्सल आहे ना, हे विंडोज बसवण्यापूर्वी तपासते.
५. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरात असा संगणक असेल तर त्याची सोय आधी पाहा.

रविवारी सगळे घरी असताना हे करून टाका. चहा होईतो काम उरकेल.