सीताफळ, बीड जिल्ह्यातील

बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगररांगेत आपोआप वाढणारे व बागांतूनही लावले जाणारे फळझाड (लॅ. ॲनोना स्क्वामोझा, कुल–ॲनोनेसी). ते मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिका व वेस्ट इंडीज येथील असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भारहूतच्या शिल्पांत हे फळ दिसते, असे मत अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ मध्ये मांडल्यामुळे त्याच्या प्राचीनतेविषयी वाद उद्‌भवला. दगडात कोरलेल्या खवल्यांवरून जाती ठरविणे मात्र धाडसाचेच होय. नावाचा पुरावाही लंगडा आहे. कारण रामफळही अमेरिकेतूनच आलेले आहे.

धारूर, अंबाजोगाई, बीड, पाटोदा व आष्टी या तालुक्यांतील उथळ, मुरमाड जमीन व अनिश्चित पाऊस इतर फळझाडांना मानवत नाही. सीताफळ उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याची तूट सोसते. त्याची पाने शेळ्या व गुरे सहसा खात नाहीत, म्हणून सतत चराई होणाऱ्या उघड्या टेकड्यांवरही ते टिकून राहिले. निजामाच्या राजवटीत व १९४८ नंतरही बराच काळ ते डोंगराचे फळ म्हणूनच ओळखले जाई.

फूल द्विलिंगी असले, तरी त्यातील स्त्रीकेसर परागकोशांच्या आधी पक्व होतात. परागण मुख्यतः लहान भुंगेऱ्यांवर अवलंबून असल्याने कोरड्या हवेत बहर येऊनही फलधारणा थोडी होते. बियांपासून वाढलेल्या झाडांत गराचे प्रमाण, बियांची संख्या व फळाचा आकार झाडागणिक बदलतो. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने या विविधतेतून ‘धारूर–६’ हा प्रकार निवडला. हे केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) आहे. बागांतून तेलंगणातील ‘बाळानगर’, बंगळूरच्या संस्थेचा ‘अर्का सहन’ हा संकर व बार्शी भागातील ‘एनएमके–१’ हे प्रकारही लावतात. शेवटच्या प्रकाराची फळे मोठी, कमी बियांची व अधिक टिकाऊ असल्याने दूरच्या बाजारात त्याला भाव मिळतो.

गावरान फळाची खरी अडचण टिकाऊपणाची आहे. डोळे उघडल्यावर तोडलेले फळ तीन-चार दिवसांत पिकते. फार थंडीत ठेवल्यास साल काळी पडते, तर गर तापविल्यास कडवट होतो. त्यामुळे तो गोठवूनच साठवितात. फळांचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असतो आणि याच सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. पाट्या भरून रस्त्याकडेला वा बाजारात विकलेल्या फळांचा पैसा कोरडवाहू घरांना त्यापूर्वी हाती लागतो, पण फळे नासण्याच्या भीतीने पडेल त्या भावाला माल द्यावा लागतो.

‘बीड सीताफळ’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. ही नोंदणी जिल्ह्याच्या भूप्रदेशाशी व तेथील फळाच्या गुणांशी निगडित आहे. डोंगरातून गोळा केलेले फळ त्या नावाने विकण्यासाठी प्रतवारी, बांधणी व गर काढण्याची सोय गावाजवळ असावी लागते.